नऊ वाजून दहा मिनिटांची हाळी

आधीच सांगून ठेवतो, भुताखेतांवर माझा काडीइतकाही विश्वास नाही. आणि तो का नाही, तर आमच्या गावात जी तीन भुतं होती त्यातली दोन मीच तयार केलेली. ओढ्याकाठच्या चिंचेवर तंबाखू मागणारा एक शिपाई बसतो, ही माझी पैदास. पंधरा दिवसांत लोक चिंचेच्या बुंध्याशी तंबाखूच्या पुड्या ठेवायला लागले. त्या सकाळी कोण उचलत होतं, हे सांगायची गरज नाही. तिसरं भूत आमच्या आजोबांनी तयार केलेलं — म्हणजे हा गुण घराण्यातच.

तर असा मी. गावात मला बाताड्या नारायण म्हणत. आमच्या शेतातल्या भोपळ्यात मांजर व्यालेली मी सांगितली आहे, आणि लोक ती पिल्लं बघायला आलेही आहेत. तेव्हा पुढं जे लिहितोय त्यावर विश्वास ठेवाच असा माझा आग्रह नाही. पण यातल्या वेळा आणि अंतरं मी फुगवलेली नाहीत. फुगवायची सोयच नव्हती... दोन घड्याळं साक्षीला होती.

निजामाचं राज्य होतं, पोलीस ॲक्शनला अजून दोनएक वर्षं होती. जिल्हा उस्मानाबाद. नळदुर्गाहून तुळजापूरला जाताना कोसभर आत आमची वाडी. नाव देत नाही, घरची मंडळी अजून तिथं नांदतात आणि माझ्यामुळं त्यांना आधीच पुष्कळ ऐकून घ्यावं लागलंय. वडील वारलेले. घरी थोरले भाऊ — अण्णा — आणि वहिनी. मी मात्र हैदराबादला, एका वकीलसाहेबांचा मुन्शी. साहेब मूळचे नळदुर्गचे, वडिलांच्या ओळखीतले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. खिशातल्या घड्याळाची काच त्यांनी काढून टाकली होती, काट्यांना अंगठा लावून वेळ सांगायचे. माझी डोळ्यांनी बघितलेली वेळ चुकायची, त्यांची अंगठ्याची कधी चुकली नाही.

डोळ्यांचं ऑपरेशन पुण्याला ठरलं. रेल्वेचे धक्के आणि कोळशाची भुकटी डोळ्यांना नको, म्हणून जावईबापूंनी विमानाची तिकिटं काढली. दोन. एक साहेबांचं, आणि एक साहेबांचा हात धरणाऱ्याचं. हात धरणारा मी!

आता अंतराचं ऐका. साहेबांच्या दफ्तरात भिंतीवर नकाशा होता. मी हैदराबादला एक टाचणी टोचली, पुण्याला एक टोचली आणि मध्ये दोरा ताणला. दोरा जावा कुठून? नळदुर्ग आणि तुळजापूर यांच्या बरोबर मधून. म्हणजे आमच्या वाडीवरून. मी तर म्हणेन आमच्या विहिरीवरून — पण नकाशात आमची विहीर दाखवलेली नव्हती, ती मी शाईनं काढली. दोऱ्याच्या मापानं पुणं तीनशे मैलांच्या वर भरलं, आणि वाडी एकशे पासष्ट. तिकिटं देणारा कारकून म्हणाला होता, आठला सुटतं, सव्वादोन तासांत पुणं. मी त्रैराशिक मांडलं. नऊ वाजून दहा मिनिटांनी मी आमच्या विहिरीवर.

ज्या घरी जायला मला रेल्वे, मोटार आणि पाय मिळून दीड दिवस लागायचा, ते घर सव्वा तासावर आलं होतं. फक्त मध्ये उतरता येणार नव्हतं.

मी ताबडतोब घरी कार्ड टाकलं. येत्या मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी आपल्या विहिरीवरून जाईन. वरून हाळी देईन. सगळ्यांनी वर बघावं.

अण्णांनी त्यावर काय म्हटलं ते मला नंतर वहिनींनी सांगितलं. ते म्हणाले, "त्याच्या बाता ऐकायला आमी काम सोडून वर बघत बसायचं व्हय?" आणि ते विहिरीत उतरले.

या विहिरीचं थोडं सांगायला हवं. जुनी विहीर उन्हाळ्यात कोरडी पडायची म्हणून अण्णांनी ती खोल करायला काढली होती. वर मुरूम, खाली काळा दगड. दगड फोडायला सुरुंग. यल्लप्पा मामा नावाचे वडार आणि त्यांचे भाऊ हे काम करत, अण्णा त्यांच्या बरोबरीनं खाली राबत. आणि सुरुंगाचा आमच्याकडं एक कायदा होता. दारू ठासून झाली की काठावरच्या माणसानं तीन हाळ्या द्यायच्या — "बार हायेऽऽ... वर याऽऽ!" पहिल्या हाळीला हातातलं टाकायचं, दुसरीला दोर धरायचा, तिसरी संपायच्या आत विहिरीत बत्ती लावणाऱ्याशिवाय कुणी असता कामा नये. का, कशाला, विचारायचं नाही. आणि तिसरी हाळी पूर्ण झाल्याशिवाय पुढचं काही होत नाही. ना बत्ती, ना कुणी पुन्हा खाली उतरणं.

मी हैदराबादला जाईपर्यंत ही हाळी माझ्याकडं होती. कारण उघड आहे, माझा आवाज. मी ओरडलो की तुळजापुरातल्या पुजाऱ्यांची झोपमोड व्हायची. (पुजारी नाकबूल करतील.) वडिलांनी मला एकच गोष्ट बजावलेली — बाकी आयुष्यभर थापा मार, पण ही हाळी खोटी देऊ नकोस. हिच्यावर माणसं जगतात. आणि मी ती कधीही खोटी दिली नव्हती. हे अण्णांनाही ठाऊक होतं.

मंगळवारी आम्ही पहाटेच विमानतळावर. तिथं मला धान्याच्या पोत्यासारखं काट्यावर उभं केलं. कानात घालायला कापूस दिला. तो मी लगेच घातला आणि पुढचा अर्धा तास साहेब काय बोलतायत ते मला कळलं नाही. आठ वाजले. साडेआठ वाजले. विमान समोर उभं, ऊन चढतंय, आणि सुटायचं नाव नाही. चौकशी करता कळलं की एक मोठे जहागीरदार यायचे आहेत. आणि ते आलेही होते, पण त्यांचं पानदान घरी राहिलं होतं, ते आणायला मोटार परत गेली होती. अख्खं विमान एका पानदानासाठी तिष्ठत होतं. यातला एकही शब्द माझा नाही बरं का.

माझा जीव खालीवर होत होता. गाव वर बघत उभं असणार. आधीच बाताड्या, त्यात ही भर... पुढची दहा वर्षं गावात तोंड दाखवायला नको.

साहेबांनी घड्याळ काढलं, काट्यांवरून अंगठा फिरवला आणि हसले. "नौ दस. नारायण, अब तक तेरे गाँव पे होते हम." मग त्यांच्यातला वकील जागा झाला. म्हणाले, तू एवढ्या उंचीवरून हाळी देणार होतास, ती इंजिनाच्या आवाजात ऐकू जाईल हे कशावरून? पुरावा काय?

मी म्हटलं, साहेब, माझा आवाज तुम्ही कधी ऐकलेलाच नाही.

"तो सुना."

मी बाकावर उभा राहिलो. नुसतं ओरडायला सांगितलं की माणसाला शब्द सुचत नाहीत, तोंडात जे मुरलेलं असतं तेच येतं. माझ्या तोंडात एकच मोठी हाळी मुरलेली होती. पश्चिमेकडं तोंड केलं, छाती भरली आणि... "बार हायेऽऽ, वर याऽऽ!" एका मडमेच्या हातातली पिशवी पडली. दुसऱ्यांदा — "बार हायेऽऽ, वर याऽऽ!" पहारेकरी धावत सुटला. तिसऱ्यांदा मी "बार हायेऽऽ, व—" इथवर आलो आणि त्यानं माझ्या तोंडावर पंजा दाबून मला बाकावरून खाली ओढलं.

साहेब हसून हसून बेजार. त्यांनी मध्ये पडून मला सोडवलं. मी खाली बसलो तेव्हा मात्र वडील आठवले. वडिलांना दिलेला शब्द मी मोडला होता. जिथं विहीर नाही, सुरुंग नाही, तिथं करमणूक म्हणून ती हाळी दिली होती.

विमान सुटलं तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. पानदान जहागीरदारांच्या मांडीवर होतं. माझी खिडकी डावीकडची. पहिला अर्धा तास मी देवाचं नाव घेण्यात घालवला, ते सोडून देऊ. मग सवय झाली. शेतं गोधडीच्या तुकड्यांसारखी दिसायला लागली. दुरून नळदुर्गाच्या किल्ल्यातलं पाणी चमकलं, तसा मी साहेबांना म्हणालो, आता माझं गाव. ओढा दिसला. चिंच दिसली. शिपाई काही दिसला नाही. आमचं रान दिसलं आणि विहीर...

विहीर वरून काळ्या रुपयासारखी गोल दिसायला हवी होती. तिचा अर्धाच भाग काळा होता. अर्धा लाल. पश्चिमेकडचा सगळा मुरूम आत बसला होता, आणि भोवती मुंग्यांसारखी माणसं.

मी ओरडायला तोंड उघडलं, आणि सांगतो, आवाज फुटला नाही. दोन हाळ्या एकशे पासष्ट मैलांवर वाया घालवल्या आणि घर खाली असताना घशातून हवा नुसती. एका मिनिटात सगळं मागं गेलं. चिंच, ओढा, विहीर, अण्णा असतील तर अण्णा. मी विमानातल्या माणसाला म्हटलं, मला इथं उतरवा. तो समजूतदार होता, त्यानं मला लिंबाची गोळी दिली.

पुण्याला उतरल्यावर साहेबांना मी काय पाहिलं ते सांगितलं. त्यांनी माझा हात सोडला आणि म्हणाले, जा. जावयाची माणसं घ्यायला आली होतीच. मी स्टेशन गाठलं. सोलापूरच्या गाडीत कुणाशी एक शब्द बोललो नाही. मला ओळखणाऱ्यांनी यावरून काय ते समजावं.

दुसऱ्या दिवशी सोलापूरहून मोटारीनं निघालो. निजामाच्या हद्दीत शिरताना करोडगिरीचं नाकं लागायचं, तिथं सामान उघडून दाखवावं लागे. नाक्यावरचे जमादार माझ्या ओळखीचे, एरवी मी त्यांना एक थाप सांगायचो आणि ते माझं बोचकं न उघडता सोडायचे. त्या दिवशी मी गप्प उभा. त्यांनीच विषय काढला. "तुमच्याच बाजूला काल विहीर बसली म्हणतात. तिघं खाली होते म्हणं."

मी विचारलं, पुढं?

पुढचं त्यांना ठाऊक नव्हतं. बातमी आणणारा घाईत होता.

एकशे पासष्ट मैल मी सव्वा तासात कापले होते. त्या नाक्यापासून घरापर्यंतचं अंतर किती होतं ते मी आजही सांगू शकत नाही. मोटारीतून उतरून कोसभर चाललो की पळालो, तेही आठवत नाही. एवढंच आठवतं की गावाच्या बाहेर मी थांबलो आणि कान दिले — रडण्याचा आवाज येतोय का म्हणून.

नव्हता येत. भांडणाचा येत होता. कुणीतरी बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांवरून कुणालातरी झापत होतं, आणि तो आवाज अण्णांचा होता.

मी गोठ्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. अण्णांच्या कपाळावर हळदीचा लेप, बाकी माणूस साबूत. त्यांनी माझ्याकडं बघितलं. कधी आलास नाही, कसा आलास नाही. भुवया जवळ आणून म्हणाले, "नाऱ्या, तिसरी हाळी अर्धीच का सोडली रे?"

मी तिथंच शेणात बसलो.

लक्षात घ्या, मी अजून एक अक्षर बोललेलो नव्हतो. हाळीबद्दल नाही, बाकाबद्दल नाही, पहारेकऱ्याबद्दल नाही. हैदराबादहून कुणी आलेलं नव्हतं.

मग हळूहळू कळलं ते असं. मंगळवारी निम्मं गाव आमच्या रानात जमलं होतं. शाळेचे गुरुजी हातात घड्याळ धरून उभे, कारण माझं कार्ड त्यांनीच वाचून दाखवलेलं आणि त्यांना माझं त्रैराशिक तपासायचं होतं. वहिनी विहिरीच्या काठावर. अण्णा, यल्लप्पा मामा आणि मामांचे भाऊ, तिघं खाली दगड भरत होते. त्या दिवशी सुरुंग लावायचाच नव्हता. दारू घरात होती. गुरुजी म्हणाले, नऊ दहा. सगळ्यांनी वर बघितलं. आभाळात घार सुद्धा नाही. गाव खो खो हसलं.

आणि त्या हसण्यातच खालून तिघं एकामागोमाग दोरावरून वर आले. माकडं येतील तसे. अण्णा काठावर पडून धापा टाकत ओरडले, बत्ती कुणी लावतंय? हाळी देणारा नाऱ्या कुठं आहे?

वहिनी म्हणाल्या, कसली हाळी? त्या तर काठावर उभ्या होत्या. त्यांनी काही ऐकलं नव्हतं. गुरुजींनी नाही, गावातल्या एकानंही नाही. ऐकलं फक्त विहिरीतल्या तिघांनी. तिघांचं म्हणणं एकच — आवाज नारायणाचा, वरून आला, दोन हाळ्या पूर्ण आणि तिसरी 'व' वर तुटली. लोक त्यांना हसत होते तोवर पश्चिमेकडची कड धसली. जिथं तिघं उभे होते तिथं पुरुषभर उंच मुरूम. अण्णांच्या कपाळाला उडालेला एक दगड लागला, तेवढंच. गुरुजींनी सवयीनं घड्याळ बघितलं. नऊ वाजून चौदा मिनिटं.

दीड-दोन तासांनी माझं विमान खरोखर वरून गेलं, पण तेव्हा वर बघायला कुणाला सवड नव्हती.

मी अण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, तू जन्मात पहिल्यांदा खोटी हाळी दिलीस, अन् ती... वाक्य तिथंच सोडून ते उठले. गोठ्यात जाऊन बैलाला वैरण टाकून आले.

तेवढ्यात यल्लप्पा मामा आले. त्यांची अडचण वेगळीच होती. कालपासून त्यांनी विहिरीला हात लावला नव्हता, मुरूम काढायचा खोळंबला होता. कायदा म्हणजे कायदा. तिसरी हाळी पूर्ण नाही तोवर कुणी खाली उतरायचं नाही. दुसऱ्या कुणी ती पूर्ण करून चालणार नव्हती, ज्यानं सुरू केली त्यानंच संपवायची. "तुमचं उरलेलं देऊन टाका," मामा म्हणाले. "मग आमी कामाला लागतो."

मला काठावर उभं केलं. खाली लाल मुरमाचा ढीग. त्याच्याखाली दोन घमेली, एक पहार आणि अण्णांचं मुंडासं होतं, आणि अजून काय असू शकलं असतं ते मला दिसत होतं. मी छाती भरली. ज्या आवाजानं तुळजापूर जागं करायचो त्यातून निघालं काय, तर घोगरं, फाटकं — "वर या." शेजारच्या बैलानंही मान वळवली नाही.

"चालंल," मामा म्हणाले आणि दोर सोडला.

आता स्पष्टीकरणाचं. गुरुजींनी पाटीवर गणित केलं. समजा माझा आवाज कुठंही न अडता, पक्ष्यासारखा सरळ गेला, तरी ध्वनीला एकशे पासष्ट मैल कापायला तेरा मिनिटं लागतात. मी ओरडलो नऊ दहाला. म्हणजे हाळी पोचायला हवी नऊ तेवीसला. विहीर बसली नऊ चौदाला. नियमानं गेली असती तर माझी हाळी नऊ मिनिटं उशिरा पोचली असती.

वकीलसाहेब डोळे बरे करून आल्यावर नळदुर्गला आले, तेव्हा त्यांनी रीतसर उलटतपासणी घेतली. अण्णांची, मामांची, गुरुजींची. आसपास दुसऱ्या कुणाच्या विहिरीवर सुरुंग होता का? नव्हता. गावात माझी नक्कल करणारा कोणी? अण्णा म्हणाले, एकच पुरेसा आहे. गुरुजींचं घड्याळ साहेबांच्या घड्याळाशी लावून बघितलं, एका मिनिटाचा फरक. शेवटी साहेब म्हणाले की साक्षीदार एकही फुटला नाही, आणि तरीही ही केस ते कोणत्याच कोर्टात उभी करणार नाहीत.

पुढच्या वर्षी मी गुपचूप एक प्रयोगही केला. हैदराबादला त्याच विमानतळाच्या कुंपणाबाहेर उभा राहून हाळी दिली. ती नाही, दुसरी — आंबे पाठवा म्हणून. आठ दिवस वाट बघितली. अण्णांचं कार्ड आलं, त्यात आंब्याचा उल्लेख नव्हता.

विहिरीला पाणी उत्तम लागलं. अण्णा त्यानंतर पुष्कळ जगले, नातवंडांची लग्नं बघून गेले. माझ्या बाकीच्या एकाही गोष्टीवर त्यांनी शेवटपर्यंत विश्वास ठेवला नाही. पण एक सवय त्यांना लागली होती. आभाळात विमानाची घरघर आली की, असतील तिथून, ते विहिरीपासून चार पावलं बाजूला सरायचे आणि टोपी मागं सारून वर बघत राहायचे. लोक हसायचे.

"हसा," अण्णा म्हणायचे. "आमचा नाऱ्या असंल त्यात. काय सांगायचं ऱ्हायलं असंल."

मी त्यात कधीच नसायचो. विमानात मी पुन्हा बसलोच नाही. ती हाळी कशी पोचली, ते मला अजूनही ठाऊक नाही. तुम्हाला ठाऊक असेल तर जरूर कळवा... पण कृपा करून थाप नको. थापेतलं मला कळतं.